हॉर्मोन उपचार आणि मेडिक्लेम: कुठे भांडायचं, कुठे नाही

प्रश्न विचारणारे २८ वर्षांचे ट्रान्स पुरुष आहेत. राहतात बडोद्यात, वाडी भागात. नोकरी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत, तिथे ग्रुप मेडिक्लेम आहे. गेले काही महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, चालू आहे. इंजेक्शनांची आणि तपासण्यांची बिलं त्यांनी क्लेमला लावली आणि ती नामंजूर होऊन परत आली. आता नोकरी बदलायची आहे, स्वतःची पॉलिसी घ्यायची आहे, आणि एजंट सांगतोय की फॉर्मवर हॉर्मोनचं काही लिहू नका. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या एका मित्राला तिथला विमा हेच औषध देतो, मग आपल्याकडे का नाही, असंही त्यांनी विचारलंय. आणि जाता जाता एक प्रश्न: पैसे वाचवायला जिममधल्या मित्राकडून इंजेक्शनं आणली तर चालतील का?

मी हॉर्मोनतज्ज्ञ आहे, बडोद्यातच प्रॅक्टिस करते, आणि मधली काही वर्षं एका टीपीएसाठी, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेसाठी, क्लेमच्या फाइली तपासायचं कामही केलंय. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

जिमच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. नाही, चालणार नाही. जिममध्ये फिरणाऱ्या व्हायलमध्ये नेमकं काय आणि किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तिथले डोस तुमच्या गरजेच्या कितीतरी पट असतात. टेस्टोस्टेरॉन जास्त झालं की रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही डोस कमी करतो किंवा काही काळ थांबवतो, कारण तिथून पुढे गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका असतो. हे बाहेरून दिसत नाही. माणूस छान दिसतो, आवाज जाड झालेला असतो, दाढी येऊ लागलेली असते, आणि रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आम्हाला घाम फुटतो. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा-दोनदा हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि लिपिड बघायचेच. पैसे वाचवायचे तर अनेक जागा आहेत, या तपासण्या ती जागा नाही.

आता विम्याचं. तुमची बिलं परत येण्याची कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्या, कारण एकाशी भांडून उपयोग नाही आणि दुसऱ्याशी भांडायलाच हवं.

पहिलं कारण तुमच्या ट्रान्स असण्याशी संबंधित नाही. आपल्याकडचा मेडिक्लेम हा हॉस्पिटलात भरती होण्याचा विमा आहे. चोवीस तासांची भरती, नाहीतर डे-केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांच्या, यादीतली प्रक्रिया, आणि भरतीच्या आधीचे नि नंतरचे ठराविक दिवस. ओपीडीची औषधं त्यात येत नाहीत. माझ्या मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनचे पैसे मिळत नाहीत, थायरॉइडच्या रुग्णाला गोळीचे मिळत नाहीत, तसेच तुम्हाला टेस्टोस्टेरॉनचे मिळाले नाहीत. न्यू जर्सीची गोष्ट वेगळी आहे कारण तिथल्या विम्यात महिन्याची औषधंसुद्धा धरलेली असतात, दुकानदार थेट विमा कंपनीला बिल लावतो. शिवाय तिथे टेस्टोस्टेरॉन १९९० च्या कायद्यापासून नियंत्रित औषध आहे, त्यामुळे विमा असो नसो, कागदपत्रांचा ससेमिरा तिथेही आहेच. त्या तुलनेत मन अडकवू नका.

दुसरं कारण मात्र तुमच्यावरच नेम धरून बसलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. त्यातली सातवी अट म्हणते की शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगासारखी करण्यासाठीचा कुठलाही उपचार, शस्त्रक्रियेसह, विम्याबाहेर. तुमची पॉलिसी उघडा, एक्सक्लूजनच्या यादीत ‘एक्सल ०७’ शोधा, बहुतेक सापडेल. गंमत नाही, खेदाची गोष्ट ही की त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, १० जानेवारी २०२० ला तो लागू झाला, आणि त्याच्या कलम १५ मध्ये सरकारवर जबाबदारी टाकली गेली की शस्त्रक्रिया, हॉर्मोन उपचार, लेसर या सगळ्याचा खर्च सर्वंकष विमा योजनेतून मिळावा. एका हाताने सरकारने जे द्यायचं कबूल केलं ते पॉलिसीच्या छापील अटीत दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं आहे. हे मला मान्य नाही आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे बोलते. पण आज तुमच्या हातात असलेल्या करारात ती अट आहे, आणि टीपीएच्या टेबलावर बसलेला डॉक्टर कलम १५ वाचत नाही, पॉलिसीचं वर्डिंग वाचतो.

मग भांडायचं कुठे? ही अट जिथे तिच्या हद्दीबाहेर ताणली जाते तिथे. आणि ती सर्रास ताणली जाते.

एक फाइल सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. ट्रान्स पुरुष, पॉलिसीत लिंग ‘पुरुष’ असं बदलून घेतलेलं. रात्री अचानक ओटीपोटात असह्य दुखू लागलं, सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ पिळवटलेली निघाली. ही सर्जरीची इमर्जन्सी आहे, काही तासांत ऑपरेशन नाही झालं तर अंडाशय जातं आणि जंतुसंसर्ग झाला तर जीवही धोक्यात येतो. हॉस्पिटलने कॅशलेसची विनंती पाठवली. सॉफ्टवेअरने लाल खूण केली: विमाधारक पुरुष, प्रक्रिया स्त्रीरोगाची. क्वेरी गेली की लिंगात तफावत आहे, खुलासा द्या. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलाने घाईत डिस्चार्ज समरीतला इतिहास जसाच्या तसा चिकटवला: ट्रान्सजेंडर, टेस्टोस्टेरॉनवर. झालं. पुढच्या तपासनिसाने सातवी अट लावून क्लेम फेटाळला. अंडाशयाला पीळ पडणं आणि लिंग-बदलाचा उपचार यांचा काडीचा संबंध नव्हता. ज्या बाईच्या पोटात अशी गाठ असती तिला पैसे मिळाले असते.

तो क्लेम नंतर मंजूर झाला, आणि झाला तो एका परिच्छेदाच्या पत्रामुळे. सर्जनने लिहून दिलं: भरतीचं कारण अंडाशयाला पडलेला पीळ, सोनोग्राफी अमुक तारखेची, ऑपरेशनचा हेतू रक्तपुरवठा वाचवणं, रुग्ण घेत असलेल्या हॉर्मोनचा या आजाराच्या निदानाशी किंवा शस्त्रक्रियेच्या हेतूशी संबंध नाही. सोबत हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा, रिपोर्ट आणि लिंगबदलाच्या नोंदीचे सरकारी कागद. एवढंच. म्हणून माझं पहिलं सांगणं: भरती कुठल्याही कारणाने होवो, डेंग्यू असो की अपेंडिक्स, डॉक्टरांकडून ‘भरतीचं कारण’ स्वतंत्र वाक्यात लिहून घ्या. हॉर्मोनचा इतिहास लपवायचा नाही, तो औषधांच्या इतिहासात त्याच्या जागी राहू दे. पण निदानाच्या ओळीत त्याला शिरू देऊ नका.

नकार आला तर तो लेखी घ्या, आणि त्यात पॉलिसीतल्या कुठल्या अटीखाली नकार दिलाय हे असायलाच हवं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे, अर्जाला एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, हे विसरू नका. लोक इथेच थकतात. घरात सांगितलेलं नसतं, ऑफिसात कुजबुज नको असते, म्हणून हक्काचे लाख-दीड लाख सोडून देतात. मला ते बघवत नाही.

आता एजंटच्या सल्ल्याबद्दल. हॉर्मोन लिहू नका म्हणणारा एजंट आपलं कमिशन वाचवतोय, क्लेमच्या दिवशी तो फोन उचलणार नाही. प्रपोजल फॉर्मवर सरळ प्रश्न असतो: सध्या कुठलं औषध चालू आहे का? तिथे ‘नाही’ लिहिलंत आणि दोन वर्षांनी डेंग्यूने भरती झालात, तर जुन्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन दिसताच कंपनी म्हणेल की माहिती दडवली, आणि डेंग्यूचा क्लेमसुद्धा जाईल, पॉलिसीही रद्द होऊ शकते. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालली की मग माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर कोणी खोटं लिहू नये.

खरं लिहिल्यावर काय होतं? कधी जास्त प्रीमियम मागतात, कधी तपासण्या करायला लावतात, कधी सरळ नाही म्हणतात. त्यातल्या एका-दोघांनी नाही म्हटलं म्हणून सगळे म्हणतील असं नाही, कंपन्यांचे अंडररायटर, म्हणजे अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणारे, वेगवेगळे विचार करतात. सोबत माझ्यासारख्या उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र जोडा: डोस स्थिर आहे, हिमॅटोक्रिट इतकं, यकृत ठीक, रक्तदाब ठीक. अंडररायटरला भीती अज्ञाताची असते. आकडे समोर ठेवले की पुष्कळदा ती कमी होते, हा माझा अनुभव आहे.

तरीही तुमच्या बाबतीत सगळ्यांत चांगला रस्ता वेगळाच आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही आधीच आहात, तिथे सहसा प्रत्येकाचा आजारांचा फॉर्म भरून घेत नाहीत आणि आधीच्या आजारांची प्रतीक्षाही, म्हणजे त्यांचे क्लेम मिळू लागेपर्यंतचा ठराविक काळ, बहुधा माफ असते. नोकरी सोडल्यावर ती छत्री जाते. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय नियमात आहे, आणि तसं केलं तर पूर्वीच्या वर्षांचा प्रतीक्षेतला फायदा सोबत येतो. तेव्हा राजीनामा द्यायच्या आधी एचआरकडून पॉलिसीची प्रत, तुमच्या सभासदत्वाच्या सगळ्या वर्षांचा दाखला आणि विमा कंपनीचा संपर्क घ्या. राजीनाम्यानंतर हे कागद मिळवायला मारावे लागणारे हेलपाटे मी लोकांना मारताना पाहिलेत.

नवीन कंपनीत गेल्यावर, आणि धीर होत असेल तर आताच्याही, एचआरशी बोला. ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्याने ठरते. मालक प्रीमियम थोडा वाढवून सातवी अट काढून घेऊ शकतो आणि ओपीडीची रक्कमही घालू शकतो, काही मोठ्या कंपन्यांनी तसं केलेलं आहे. हे बोलणं रिन्यूअलच्या दोन-तीन महिने आधी व्हायला हवं, नंतर वर्षभर काही हलत नाही. स्वतःचं नाव पुढे करायची गरज नाही, ‘आपल्या पॉलिसीत हे आहे का’ एवढं विचारलं तरी पुरतं.

ओपीडीचं वैयक्तिक रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, घेऊ का, असं बरेच जण विचारतात. मी तरी घ्या म्हणत नाही. मर्यादा काही हजारांची, प्रीमियम जवळपास तेवढाच, आणि सातवी अट तिथेही लागूच.

हिशोबच करूया. टेस्टोस्टेरॉन एनान्थेट २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन काही शे रुपयांत मिळतं, तुमच्यासारख्यांना साधारण दोन-तीन आठवड्यांनी एक, डोस डॉक्टर ठरवणार. अनडेकॅनोएट, जे साधारण बारा आठवड्यांनी एकदा द्यायचं, ते महाग आहे, एकाच इंजेक्शनला काही हजार. परिणाम दोन्हींचा चांगला. अनडेकॅनोएटमध्ये पातळी जास्त सम राहते, पण ते फार सावकाश द्यावं लागतं आणि नंतर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवावं लागतं, कारण तेल फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येऊ शकते. परवडत नसेल तर एनान्थेट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ट्रान्स स्त्रियांचा खर्चही आवाक्यातला असतो: इस्ट्राडिऑल व्हॅलरेटच्या गोळ्या, सोबत टेस्टोस्टेरॉनला रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन किंवा अगदी कमी मात्रेत सायप्रोटेरोन. जेनेरिक नावाने लिहून घेतलं आणि जनऔषधी दुकानात विचारून पाहिलं तर काही औषधं आणखी स्वस्त पडतात.

इथे एक गोष्ट ट्रान्स स्त्रियांसाठीही सांगून ठेवते, कारण हे उत्तर त्याही वाचतील. गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून रोज चार-चार, सहा-सहा गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे आल्यात. गोळी स्वस्त, कुठल्याही मेडिकलवर मिळते, गुरूने किंवा मैत्रिणीने सांगितलेलं असतं. त्या गोळीत इथिनिल इस्ट्राडिऑल असतं, त्याने पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका इस्ट्राडिऑलपेक्षा खूप जास्त, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर विचारूच नका. मग आयसीयूत भरती, आणि तिथे विमा कंपनी म्हणणार की हे तर वगळलेल्या उपचारामुळे झालं. स्वस्तातली गोळी सगळ्यांत महाग पडते ती अशी. तुम्ही हे घेत असाल तर कोणी रागावणार नाही, फक्त पाकीट घेऊन ओपीडीत या.

सरकारी बाजू. २४ ऑगस्ट २०२२ ला राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालयाचा करार झाला, आयुष्मान भारतमध्ये ‘टीजी प्लस’ नावाने ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण द्यायचं, शस्त्रक्रिया आणि हॉर्मोनसुद्धा त्यात धरून. राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेलं ट्रान्सजेंडर ओळखपत्र त्याला लागतं. कागदावर ही योजना मला मनापासून आवडते. पण दर महिन्याचं इंजेक्शन या कार्डावर निघालेलं मी माझ्या एकाही रुग्णाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. आयुष्मानचा सगळा सांगाडा भरतीच्या पॅकेजवर उभा आहे, तिथेही ओपीडीला जागा नाही. कार्ड जरूर काढा, मोठ्या आजारात ते उभं राहील. त्याची वाट बघत हॉर्मोन मात्र थांबवू नका.

ओळखपत्राचे नियम आणि मागितले जाणारे कागद बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी कलेक्टर कचेरीतून ताजी यादी घ्या. एकट्याने जायला जड वाटत असेल तर लक्ष्य ट्रस्ट आपल्या बडोद्याचीच संस्था आहे. २५ नोव्हेंबर २०२० ला राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं त्याच दिवशी त्यांच्यातर्फे चालणाऱ्या इथल्या गरिमा गृहाचंही, म्हणजे ट्रान्स व्यक्तींसाठीच्या निवाऱ्याचं, उद्घाटन झालं, आणि या कागदांची वाट त्यांना पाठ आहे. समुपदेशनाचा खर्च झेपत नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. तिथे किंवा कुठेही कोणी ‘हे बरं करून देतो’ म्हटलं तर उठून या. असा उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

काही डॉक्टर सहानुभूतीपोटी पावतीवर ‘हायपोगोनॅडिझम’, म्हणजे शरीरात लैंगिक हॉर्मोन कमी तयार होण्याचा आजार, असं लिहून देतात, म्हणजे क्लेम सुटेल. असं करू देऊ नका. ओपीडीचे पैसे तसेही मिळणार नाहीत आणि खोटं निदान तुमच्या नावावर कायमचं चिकटेल. खरं निदान लिहायला आता लाज वाटण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, जेंडर इनकॉन्ग्रुअन्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग यांचा मेळ नसणं, मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलेलं आहे, कोड एचए६०. माझ्या प्रिस्क्रिप्शनवर मी तेच लिहिते, सोबत औषधाचं जेनेरिक नाव, डोस, किती महिन्यांसाठी, आणि माझा रजिस्ट्रेशन नंबर. आधार कार्डावर स्त्री आणि चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन बघून मेडिकलवाला थबकतो, तेव्हा हीच चिठ्ठी बोलते. तरी नाही दिलं तर त्याला डॉक्टरांना फोन लावायला सांगा, मी स्वतः असे फोन घेते.

गर्भाशय काढायचा विचार असेल, तुम्ही विचारलं नाहीये पण बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांत विचारतात, तर त्याचंही तेच. फक्त मनाच्या अस्वस्थतेसाठी केलं तर सातवी अट लागेल. पण फायब्रॉइड, न थांबणारा रक्तस्राव, गाठ असं वैद्यकीय कारण असेल तर ते इतर कोणालाही मिळतं तसं तुम्हालाही मिळालं पाहिजे, पॉलिसीतला त्या ऑपरेशनचा प्रतीक्षाकाळ संपला असला की. कारणं दोन्ही असतील तर दोन्ही खरी लिहा आणि सोनोग्राफी आधी करून ठेवा. अंडाशयंही काढली तर मग टेस्टोस्टेरॉन सोडता येत नाही, हाडं ठिसूळ होतात, हे ऑपरेशनच्या आधी समजून घ्या.

तुम्ही सध्या एवढं करा. परत आलेल्या बिलांवर लोकपालाकडे जाऊ नका, ती ओपीडीची आहेत, तिथे हराल आणि उमेद खर्ची पडेल. पुढच्या तपासणीला हिमॅटोक्रिटचा रिपोर्ट आणि पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग, नुसतं कार्ड नव्हे, दोन्ही तुमच्या डॉक्टरांकडे न्या, आणि वैयक्तिक पॉलिसीसाठीचं पत्र त्याच भेटीत लिहून घ्या. एजंटला तोंडी काही कबूल करू नका. फॉर्म स्वतः भरा, सही करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.